सोमवारच्या सुया

१२ जुलै, शनि.

डोकं. पुन्हा. चौथ्या तासाला डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू झाला. सातवीचा वर्ग, धडा पचनसंस्थेचा, आणि मलाच मळमळ. खडू ठेवला नि खुर्चीत बसले. पोरं एकदम गप्प. एरवी घसा फाटेस्तोवर ओरडले तरी गप्प होत नाहीत मेली.

इंदूरच्या डॉक्टरांची रोजची गोळी चालूच आहे. तिने झोप येते, वजन वाढतं, अर्धशिशी मात्र जिथल्या तिथे. तिवारी मॅडम हिंदीच्या, स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसतात. म्हणाल्या, "एक बार सुई लगवाके तो देखो. मेरी ननद का माइग्रेन आधा रह गया." फ्रीगंजात कुणी सक्सेना मॅडम आहेत, ॲक्युपंक्चरवाल्या, मेडिकलच्या दुकानावर दवाखाना. फोन केला. सोमवार सकाळ मिळाली.

दुसरा वार जमणारच नव्हता. उज्जैनला महाकालच्या सवारीमुळे, म्हणजे पालखीमुळे, श्रावणात सोमवारी शाळेला छुट्टी आणि बदल्यात रविवारी शाळा. म्हणजे उद्या रविवार असून डबे. अजयला सुयांचं सांगितलं. म्हणाला, "कर की. तू आधी ठरवतेस, मग नवऱ्याला विचारतेस." बरं, विचारलं तरी ना!

१४ जुलै, सोम.

जाऊन आले. जिवंत आहे.

सक्सेना मॅडम पन्नाशीच्या, केस कापलेले, बोलणं एकदम मास्तरणीसारखं. मला मास्तरणी आवडत नाहीत, स्वतः असून. सुया दाखवल्या. मी मनात स्वेटरच्या सुया घेऊन गेले होते, या तर केसाएवढ्या. पाकीट माझ्यासमोर फोडलं, वापरून झाल्यावर डब्यात टाकल्या. मग प्रश्न. बीपी? शुगर? पेसमेकर? रक्त पातळ व्हायची गोळी? सगळ्याला नाही.

"खाना खाके आई हो?"

"हां."

खोटं. सोमवार! आमच्या घरी श्रावणी सोमवारी संध्याकाळी पालखीचं दर्शन होईपर्यंत मला पाणीसुद्धा नाही. हे त्यांना कुठे सांगत बसू? त्या म्हणाल्या असत्या, मग मंगळवारी ये. मंगळवारी शाळा आहे.

पुढचा प्रश्न, "प्रेगनेंसी का कोई चांस?"

"नहीं." इतक्या जोरात बोलले की शेजारच्या पडद्यामागचे काका खाकरले. त्या शांतच. म्हणाल्या, अंगठ्याजवळची एक जागा आहे, डोक्यासाठी चांगली, पण पोटात बाळ असेल तर तिथे लावत नाही. "इसलिए हर बार पूछूँगी. बुरा मत मानना." मानलं. दर वेळी म्हणे!

दुखत नाही. म्हणजे काहीतरी होतं, पण टोचल्यासारखं नाही. आत जड पडतं, पायाच्या सुईला तर बोटापर्यंत करंट गेला. मग दिवा मंद करून त्या निघून गेल्या आणि मी सुया लावून पडून राहिले, नाक खाजतंय, हात हलवायचा नाही. कुणी सांगितलं नव्हतं की सगळ्यात कठीण गोष्ट नाक आहे.

उठताना जरा गरगरलं. स्कूटर तशीच दामटली. संध्याकाळी सासूबाईंबरोबर गोपाळ मंदिरापाशी, आमच्या ठरलेल्या ओट्यावर. डमरू, झांजा, धक्काबुक्की. पालखी दिसली, त्यांनी माझ्या डोक्याला हात लावला, बाटली उघडून पाणी दिलं. प्यायले.

१५ जुलै, मंगळ.

फायदा? उलट सकाळी डोकं जास्तच जड. चिडून फोन केला. मॅडम म्हणाल्या एखाद्याला पहिल्या दिवशी असं होतं, एका बैठकीत निकाल लावू नका, चार-पाच तरी होऊ द्या, मग नाही पटलं तर मीच सांगेन बंद करा. एवढं तरी सरळ बोलल्या. इंदूरला कोणी इतकं सरळ बोललं नव्हतं.

तिवारी मॅडमचं स्टाफरूममध्ये सुरू, "दर्द हुआ? खून निकला?" त्यांना गुडघ्यासाठी जायचंय पण सुईची धास्ती. म्हटलं, आधी ढगळ सलवार घालून जा, माझी बाही वर सरकेना, अर्धा वेळ त्यातच गेला.

२१ जुलै, सोम.

दुसरी बैठक. पुन्हा तेच, खाऊन आलात? हां. चांस? नहीं.

आज मात्र बोलता बोलता इंदूरच्या गोळीचं निघालं, तर मॅडम उखडल्या. पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? मला वाटलं सुयांचा आणि गोळ्यांचा काय संबंध, या काय मला गोळी देणार आहेत? "आप टीचर हैं, बच्चा आधा जवाब लिखे तो आप नंबर देती हैं?" घ्या! नाव विचारलं, मोबाईलमधला फोटो दाखवला. वाचून म्हणाल्या, ही मनाने बंद करायची नाही, सुयांनी बरं वाटलं तरी. आणि मूल हवं असेल तर ही देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं. मी म्हटलं, तो विषय संपला आहे.

"संपला" म्हणताना मनगटाची सुई जरा झणझणली. की मला वाटलं.

हातावर हिरवा-निळा डाग पडलाय. अजय घाबरला. त्या म्हणाल्या होत्या पडतो कधी, जातो.

२५ जुलै, शुक्र.

आजपासून आपला श्रावण. इथल्या लोकांचा पंधरा दिवस आधीच सुरू झालाय, पौर्णिमेपासून. बाकी मराठी घरांत आपले चार सोमवार करून मोकळे. आमच्या घरात दोन्ही. सासूबाईंचं म्हणणं, सवारी दोन्ही श्रावणांत निघते, मग उपास एकातच कसा? महाकालसमोर कुणाचं काय चालणार, आणि सासूबाईंसमोर तर महाकालचंही चालत नसावं.

नवस त्यांनी बोललाय. लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा. नातवंड होईपर्यंत सून सोमवारी पालखी बघूनच पाणी पिईल. स्वतःचा नाही, माझा उपास! मला नंतर सांगितलं, पेढ्याचा पुडा हातात देऊन. तेव्हा मला लाडकी सून व्हायचं होतं, हो म्हटलं. मग मुलासाठी इंदूरच्याच दुसऱ्या दवाखान्याच्या चकरा झाल्या, इंजेक्शनं झाली, एकदा पट्टीवर फिकट रेघ आली तर या बाईने पूर्ण गल्लीत पेढे वाटले आणि चार दिवसांत रेघ पुसली. महिनाभर लोक जिन्यात भेटले की माझ्या पोटाकडे बघायचे. काही तर अजून बघतात. शेवटी मी आणि अजय, दोघांनी मिळून, बस म्हटलं. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये. तो रडला, मी नाही. मी गाडी चालवली.

इलाज बंद झाला. नवस कसा बंद करतात ते कुणाला माहीत नाही. पुरा झाल्याशिवाय सुटत नाही म्हणे. म्हणजे मी साठीची होऊन सोमवारी तहानलेली बसणार.

सासूबाई वाईट नाहीत. लिहून ठेवते, कारण वरचं वाचून तसं वाटेल. माझं डोकं दुखतं तेव्हा त्या कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नाहीत.

२८ जुलै, सोम.

पूर्ण आठवडा डोकं दुखलं नाही!! सुयांनी की गोळीने की पाऊस उघडला म्हणून, देव जाणे. मॅडमना सांगितलं तर त्याही हुरळल्या नाहीत. "अच्छा है. देखते हैं." मला नाचावंसं वाटत होतं आणि या म्हणतात देखते हैं.

खाऊन आलात? हां. पाळी कधी? या आठवड्यात येईल. चांस? नहीं, नहीं, नहीं. आता त्या हसतात.

आज झोपच लागली सुया लावून. दुपारी शाळेचे पेपर तपासले, भुकेने अक्षर नाचत होतं. खरं म्हणजे खोटं बोलायची गरज नाही आता. सांगून टाकावं की माझा उपास असतो. पण मग सांगावं लागेल कशाचा.

२ ऑग., शनि.

आली नाही. लिहायचंच नव्हतं. माझी अशीही पुढे-मागे होते. परीक्षा, जागरण, रविवारची शाळा. फालतू विचार.

डोकं ठीक.

४ ऑग., सोम.

काय झालं ते लिहू तरी कसं. 

तेच प्रश्न, तीच उत्तरं, सुया लागल्या, अंगठ्याजवळची पण. मॅडम पडद्याबाहेर. जरा वेळाने कानात गुंऽऽ सुरू झालं, तळव्यांना घाम. वाटलं उकाडा आहे. मग छत पिवळं पडलं. "मॅडम" म्हणाले की नुसतं वाटलं म्हणाले, माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा सुया निघालेल्या, पायाखाली दोन उशा, मॅडम गालावर थापट्या मारतायत. "मेघना, सुनो, इधर देखो." ग्लुकोजचा ग्लास तोंडाशी.

आणि मी तोंड मिटलं! घट्ट. मान हलवली. पालखी व्हायची होती ना. चक्कर येऊन पडलेली बाई, आणि डोक्यात काय, तर पालखी.

"पियो."

"उपास है."

"क्या?"

"पानी नहीं चलता."

त्यांचा चेहरा! ग्लास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "हर सोमवार?" मी हो म्हटलं. "और मैं हर सोमवार पूछती हूँ." मग आवाज चढला. रिकाम्या पोटी सुया लावल्या की चक्कर येऊ शकते, पहिल्या दिवशी सांगितलं होतं, म्हणून तर विचारतात, गंमत म्हणून नाही. पडून डोकं फुटलं असतं तर? स्कूटरवर असतीस तर? ओरडत ओरडत हनुवटी धरली आणि पाजलं. गोड, कोमट. घशाखाली गेलं आणि मला रडू फुटलं. पार्किंगमध्ये आलं नव्हतं ते सगळं. त्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

मग हळूच, "पीरियड आया?"

नाही म्हटलं.

म्हणाल्या, नुसता उपासच असेल. बहुतेक तेच. पण आता टेस्ट केल्याशिवाय सुई लावणार नाही. आणि आजच इंदूरला फोन करून गोळीचं विचार. मी म्हटलं, मॅडम, तुम्हाला माहीत नाही, माझं होत नाही, सगळे रिपोर्ट आहेत माझ्याकडे. "रिपोर्ट पुराने हैं ना?" एवढंच.

अपमान वाटला. का ते कळत नाही. रिक्षाने घरी आले, स्कूटर तिथेच.

संध्याकाळी गोपाळ मंदिरापाशी पालखी बघितली. सासूबाईंनी बाटली उघडली. पहिला घोट असल्यासारखी प्यायले. त्यांनी समाधानाने बघितलं.

५ ऑग., मंगळ.

इंदूरला फोन लावला. तिथल्या मुलीने नाव लिहून घेतलं. संध्याकाळी गोळीवाल्या डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला, नवलच! गोळीचं काय करायचं ते नीट सांगितलं आणि म्हणाले रक्ततपासणी करा, लवकर करा, रिपोर्ट मला पाठवा. मी हो-हो केलं. कुणाच्याही आवाजात उत्साह नव्हता म्हणून बरं वाटलं.

तपासणी केली नाही. शाळा सुटल्यावर लॅबसमोरून दोनदा गेले. लॅबवाला माहेरच्या ओळखीचा. त्याच्या बायकोला कळेल, मग मम्मीला, मग सासूबाईंना. उज्जैनमध्ये रक्त काढायचं तर काढणारा ओळखीचा नको.

अजयला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगितलं नाही.

७ ऑग., गुरु.

परतलं. डोळ्यामागे, तसंच. सुया नाहीत. दुखायची गोळी घेऊ का विचारायला सक्सेना मॅडमना फोन केला, तर म्हणाल्या टेस्ट केली? नाही. मग घेऊ नकोस, आधी डॉक्टरांना विचार, ओल्या फडक्याची पट्टी ठेव, अंधारात पड. "तुम टेस्ट से डरती हो या रिज़ल्ट से?" फोन ठेवला. उद्धट वाटलं असेल. वाटू दे.

तिवारी मॅडमनी आज शेवटी गुडघ्यांसाठी नंबर लावला. पुन्हा मला, "और कुछ बताओ ना, तुम तो पुरानी हो गई." म्हटलं, पोटभर खाऊन जा. कोणकोणत्या गोळ्या घेता ते सगळं सांगा, वैद्याच्या पुडीसकट. झाल्यावर लगेच गाडीवर बसू नका. आणि विचारतील त्याचं खरं उत्तर द्या. त्या म्हणाल्या, "झूठ क्यों बोलूँगी?" मला हसू आलं. डोकं दुखत असताना हसू नये, ठणका वाढतो.

९ ऑग., शनि.

राखीची छुट्टी. अजयची बहीण या वर्षी आली नाही, पोस्टाने आली राखी. दुपारी भाजीच्या नावाने निघाले आणि देवास गेटला गेले. फ्रीगंजातले सगळे मेडिकलवाले ओळखतात. इथे बसस्टँडवर रोज हजार माणसं, कोण कुणाला बघतं. तरी ओढणी डोक्यावर घेतली. अडतीस वर्षांची बाई, लग्नाला दहा वर्षं, आणि चोरासारखी पट्टी विकत घेते! दुकानवाल्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, मान वर न करता. देव त्याचं भलं करो.

पिशवीत खाली पट्टी, वर गिलकी. घरी आल्यावर सासूबाई गिलकी बघून म्हणाल्या, "इतक्या लांबून ही जून भाजी आणलीस?"

१० ऑग., रवि.

केली. सकाळी, शाळेत जायच्या आधी.

एक रेघ ठळक. दुसरी आहे. म्हणजे आहे असं मला वाटतंय. खिडकीशी नेली तर दिसते, दिव्याखाली धरली तर नाही. डोळे पुसून बघितलं. मागच्या वेळची अशीच होती. तेव्हा मी ओरडले होते, बाथरूमचं दार उघडून, पूर्ण घर ऐकत होतं. आज नळ सोडून ठेवला.

काय वाटलं? राग. पहिला राग. इतकी वर्षं हात जोडले तेव्हा नाही, आणि आता विषय संपवून, कपाट आवरून, मी माझ्या डोकेदुखीला लागले होते तेव्हा? मग भीती, त्या सोमवारांची. उपासाचे सोमवार, पाणी नाही, वर गोळी, वर सुया, अंगठ्याजवळची सुई. मी दर वेळी "नहीं" म्हटलं. ठसक्यात म्हटलं. काही असलंच तर मी त्याला काय काय केलं असेल!

दिवसभर पोरांवर ओरडले. आठवीतली एक म्हणाली, "मैम, तबीयत ठीक है?" मधल्या सुट्टीत बाहेर जाऊन सक्सेना मॅडमना फोन केला आणि सगळं बोलले, धाप लागेस्तोवर. त्या म्हणाल्या, इतक्या सुरुवातीला दोन-चार सुयांनी काही बिघडलं असेल असं मला वाटत नाही, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस, उद्या रक्त दे आणि बायकांच्या डॉक्टरला दाखव. आणि उद्या उपास करायचा नाही. पाण्याशिवाय तर मुळीच नाही. "यह मैं पूछ नहीं रही, बता रही हूँ."

संध्याकाळी अजयला गच्चीवर नेलं. वाळत घातलेले कपडे आणायच्या नावाने. पट्टी रुमालात. त्याने बघितली, उजेडाकडे धरली, परत बघितली. मग म्हणाला, "मला वाटतच होतं. गेल्या आठवड्यापासून तू मला एकदाही टोचून बोलली नाहीस." मी हसले, मग दोघंही हसलो, मग तो वाळलेल्या चादरीत तोंड घालून बसला. म्हणाला, "आईला सांगायचं नाही." मी म्हटलं, "उद्या सोमवार आहे."

त्याला लगेच कळलं नाही. मग कळलं. उद्या सकाळी मी खाल्लं की झालं, सांगायची गरजच नाही. न खाता राहिले तर एक दिवस लपेल. फक्त एक दिवस, पाण्याशिवाय. तो म्हणाला, बाथरूममध्ये पाणी पी ना चोरून, कुणाला कळतंय. मीही तेच ठरवलं होतं दुपारी. पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि कसंतरीच वाटलं. स्वतःच्या घरात, बाथरूममध्ये, नळाचं पाणी.

ठरलं नाही काही. कपडे घेऊन खाली आलो. सासूबाई उद्याची बेलपानं निवडत होत्या, फाटकी वेगळी, आख्खी वेगळी. म्हणाल्या, "उद्या जरा लवकर निघू, मागच्या सोमवारी ओट्यावर जागा मिळाली नव्हती नीट."

११ ऑग., सोम. सकाळ

पोहे केले. अजयने आज सुट्टी घेतलीय, त्याला वाटलं त्याच्यासाठी. दोन बशा काढल्या तेव्हा तो ओट्याला टेकून उभाच राहिला. मी टेबलाशी बसले. स्वयंपाकघरात नाही, टेबलाशी, देवघराच्या दारासमोर. वरून शेव घातली, लिंबू पिळलं. 

सासूबाई पूजा करून बाहेर आल्या. तिसरा घास होता.

"मेघना, आज सोमवार."

"माहीत आहे, आई."

"विसरलीस का काय?"

"नाही विसरले."

चावत राहिले. तोंडाला चव नव्हती, पोहे आहेत की भुसा कळत नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, मग बशीकडे, मग अजयकडे. अजय गॅस पुसत होता. मला वाटलं आता ओरडतील, की इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात घातलंस. त्याची तयारी होती माझी, उत्तरं पण तयार होती, रात्रीपासून घोकलेली. किंवा मग एकदम आनंदाने किंचाळतील आणि गल्ली गोळा करतील. त्याची तयारी नव्हती.

म्हणाल्या, "डोकं दुखतंय का? म्हणून खाल्लंस?"

पळवाट देत होत्या मला. हो म्हटलं असतं तर मिटलं असतं. खोटं बोलायची सवय तर झालीच आहे सोमवारी.

"नाही आई. डोकं नाही दुखत."

त्या उभ्याच. हातातलं ताम्हन ठेवलं नाही कुठे, तसंच धरून. मग ते टेबलावर ठेवलं, माठाशी गेल्या, ग्लास भरून माझ्यासमोर आणून ठेवला. थोडं सांडलं. माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या. त्या कधी बसत नाहीत आम्ही खाताना.

"पी."

प्यायले. पूर्ण ग्लास. त्यांच्यासमोर, उजेडात, सोमवारचं. त्या बघत होत्या. डोळे भरले होते, पण पाणी पडू दिलं नाही. म्हणाल्या, "नवस मी बोलले होते. तुला विचारलं पण नव्हतं. त्याचं काय ते मी बघेन, महाकाल आणि मी. तू खा."

मी म्हटलं, आई, काही नक्की नाही. अकरा वाजता रक्त द्यायचंय, रिपोर्ट संध्याकाळी. मागच्यासारखंही होऊ शकतं. कुणाला बोलायचं नाही. पेढे तर अजिबात नाही.

"मी काही बोलले का?" फणकारा तोच. बरं वाटलं फणकारा ऐकून. मग उठल्या, बेलाची परडी उचलली. दारापर्यंत गेल्या आणि पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाल्या, "संध्याकाळी पालखीला तू येऊ नको. फार धक्काबुक्की असते. मी एकटी जाईन."

झालं! लागली यांना आशा. एवढं सांगून लागली. मला राग यायला हवा होता, तोच घेऊन तर मी गेले आठ दिवस फिरतेय. आला नाही. उरलेले पोहे खाल्ले, मग अजयच्या बशीतले पण खाल्ले. भूक लागली होती चांगलीच.

आणि खरं सांगायचं तर त्यांचं काय घेऊन बसले, मलाही लागली आहे. कधीपासून माहीत नाही. खूप भीती वाटते. संध्याकाळपर्यंत कशी राहू?

अजय खाली हॉर्न देतोय. जाते.